रक्त न येणाऱ्या हिरड्या

उमरग्याच्या आठवडी बाजारात मिश्री विकायला पाच-सहा बायका बसत, पण घोळका असे तो शांताक्कापुढे. बाकीच्या नुसती मिश्री विकत. शांताक्का आधी तोंड बघे. गिऱ्हाईक बाई समोर उकिडवी बसली की तिला आ करायला लावायचे, आपला अंगठा पदराला पुसून तिच्या वरच्या हिरडीवर दाबायचा, मग खालच्या, आणि बाहेर काढून उन्हात धरायचा. रक्त लागलेले असले तर मान हलवून पुडी जरा मोठी बांधायची. आठ दिवसांनी तीच बाई पुन्हा आली की पुन्हा अंगठा, आणि तो कोरडा निघाला की सगळ्या घोळक्याला दाखवायचा. शेवटी स्वतःचा ओठ उचलून तोच अंगठा स्वतःच्या हिरडीवर. तीस वर्षे मिश्री लावते आहे, एक थेंब दाखवा, असे तिचे म्हणणे. थेंब कोणाला दिसला नाही. मलाही नाही, आणि मी तर तो शोधायलाच टपलेलो होतो.

मी शब्बीर, मूळचा तेरचा. १९४१ साली उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर म्हणून रुजू झालो. औषधे घोटायची, बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, आणि हैदराबादहून बदलून येणाऱ्या डॉक्टरांचे उर्दू इथल्या लोकांना मराठीत सांगायचे, अशी माझी तीन कामे. तिसऱ्या कामाचा पगार नव्हता, पण खरा रुबाब त्यातच होता. साहेब काय बोलले हे पेशंटला माझ्याच तोंडून कळायचे, आणि मी ते माझ्या मनाने कापून-बेतून पुढे द्यायचो. साहेब दोन वाक्ये बोलले की मी त्याची चार करायचो, दहा बोलले की तीन. हैदराबादच्या माणसाला उमरग्याच्या लोकांशी कसे बोलावे हे काय कळणार, असे मला वाटे. पंचविशीत माणसाला बरेच काही वाटते.

शांताक्कावर माझा राग होता तो सरळ होता. दात दुखणारा माणूस आधी तिच्याकडे जाई, मग न्हाव्याकडे, आणि गाल भोपळ्याएवढा झाला की आमच्याकडे येऊन दवाखान्याच्या नावाने बोटे मोडी. वर आणखी माझी बायको फातिमाबी तिचीच मिश्री लावायची. मी घरी काही बोललो तर ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी डबी भरून आणायची.

पण माणूस म्हणून शांताक्काला नावे ठेवायला जागा नव्हती. लिंगायत घर, घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा निपाणीकडून तंबाखू आणून किरकोळ विकायचा. तो तापात गेला तेव्हा घरात चार वर्षांची प्रेमा आणि तंबाखूची दोन पोती एवढेच उरले. अक्काने रडणे उरकले आणि चुलीवर खापर ठेवले. पानाच्या शिरा काढायच्या, पान खापरावर काळे होईस्तोवर भाजायचे, कुटायचे आणि धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळायचे. धुराने तिचे डोळे कायम लाल असत. इतर बायका मिश्रीत भुशाची राख मिसळतात हे सगळ्या बाजाराला माहीत होते. अक्काच्या मिश्रीत तसली भेसळ कधी सापडली नाही. तिची आपल्या मालावर मनापासून श्रद्धा होती. ती लबाड असती तर मला पुढचे सांगायला सोपे गेले असते.

प्रेमाबाईला माकणीत दिली होती. जावई सिद्धलिंग, तेरणेच्या काठाला बरी जमीन, घरात सासू. १९४२ साली ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि सातव्या महिन्यात तिच्या हिरड्या फुगल्या. जांभळ्या झाल्या, भाकरीचा तुकडा मोडला तरी रक्त, सकाळी उशीवर डाग. बाळंतपणाच्या आधी पुष्कळ बायकांना असे होते, हे मला नंतर कळले. पोटात जीव वाढत असताना अंगातले सगळेच बदललेले असते. दातांच्या मुळाशी थोडी घाण साचलेली असली तरी एरवी गप्प बसणारी हिरडी तेव्हा चिडून उठते. तोंड साफ ठेवले तर बाळंत झाल्यावर ते बहुधा उतरते. हे तेव्हा मला माहीत नव्हते आणि अक्काला तर नाहीच.

अक्काला एक माहीत होते, की रक्त म्हणजे रोग. प्रेमाबाईने तोवर कधी मिश्री लावली नव्हती. आईने स्वतःच्या बोटाने, दिवसातून तीनदा, लेकीच्या हिरड्यांवर चोळली. पहिल्या दिवशी पोरीला घेरी आली, ओकारी झाली. चौथ्या दिवशी रक्त कमी झाले आणि आठव्या दिवशी अंगठा कोरडा. ही गोष्ट बाजारभर झाली. प्रेमाबाईला मुलगा झाला, गुरुलिंग नाव ठेवले, आणि सव्वा महिन्याने ती माकणीला गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत अक्काने मिश्रीचा मोठा डबा भरून दिला. पुढची चार वर्षे तो डबा रिकामा होऊ दिला नाही.

१९४६ च्या आषाढात माकणीची गाडी अक्काच्या दाराशी थांबली. सिद्धलिंग बायकोला सोडायला आला होता. प्रेमाबाईने तोंडाला पदर लावलेला होता, तो तिने आईच्या घरातसुद्धा काढला नाही. खालचे पुढचे दोन दात जिभेने हालत होते, वरचे दात फाकून मध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती, हिरडी दाबली की पू येई, आणि तोंडाला अशी घाण की शेजारी बसवत नसे. वय बावीस. सिद्धलिंग वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घालून आपल्या आईचा निरोप सांगितला : तोंड बरे झाले की पाठवा, तोवर नको. पोरगा आमच्याकडे राहील. त्याने बायकोकडे बघितले नाही आणि चहा न घेता गाडी जुंपली. तोंड बरे नाही झाले तर काय, हे त्याने सांगितले नाही आणि अक्काने विचारले नाही. गुरुलिंग तेव्हा चार वर्षांचा होता.

अक्काने अंगठा दाबला. पू आला, पण रक्त नव्हते. तिने साठ्यातले सगळ्यात निवडक पान काढले, वेगळे भाजले, लेकीला लावले. महिना-दीड महिना गेला. रक्त नव्हतेच, पण आता वरचाही एक दात हालायला लागला. अक्का रोज अंगठा दाबी आणि कोरड्या अंगठ्याकडे बघत बसे, असे फातिमाबीने मला सांगितले. मला वाटते, त्या बाईच्या आयुष्यात तिला न सुटलेले असे ते पहिलेच गणित असावे.

मग एके दिवशी, बाजार नसताना, ऐन दुपारी, ती लेकीला घेऊन दवाखान्यात आली. मी तिला मुद्दाम बाकावर बसवून ठेवले. आत साहेब रिकामेच होते, पण मी बाटल्या पुसत राहिलो. त्या वेळी मला जो आनंद झाला त्याची मला आज लाज वाटते. शेवटी तीच उठून माझ्या टेबलाशी आली.

"रगत येत न्हाय, कंपौंडरसाब," ती म्हणाली. "मंग दात का हालतुया?"

तेव्हाचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी प्रेमाबाईला खिडकीशी बसवले, छोटा आरसा तोंडात धरला आणि खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या मध्ये अलगद सरकवली. ती बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत आत गेली. निरोगी तोंडात ती जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी जाते. मग त्यांनी आकडीने दाताच्या मुळाशी खरवडून काळा खडा काढला आणि अक्काच्या तळहातावर ठेवला. ते किटण होते. दातावरची घाण रोज काढली नाही की ती अशी दगड होते, म्हणाले, आणि हिरडीखाली उतरत जाते.

पुढचे ते उर्दूत बरेच बोलले. त्या किटणात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. शरीराला ते कळते आणि ते तिथे जास्तीचे रक्त पाठवते, त्या रक्तातून जंतूंशी लढणारे शिपाई येतात. म्हणून हिरडी लाल होते, सुजते, धक्का लागला की रक्त येते. सूज ही अंगाने केलेली झुंज आहे. पण झुंज वर्षानुवर्षे चालली तर शिपाई शत्रूबरोबर घरही पाडतात. दाताला धरून ठेवणारे हाड त्या धुमश्चक्रीत झिजते. सगळ्यांचे अंग सारखे चिडत नाही. कोणाच्या तोंडात हे व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, या मुलीचे अंग फार चिडते म्हणून चार वर्षांत झाले. त्यात तंबाखू. तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, शिपाई पुरेसे पोचत नाहीत, पोचतात ते धड लढत नाहीत. रक्त दिसेनासे होते, दुखणे बधिर होते, आणि आत हाड खाल्ले जातच राहते.

मी हे सगळे माझ्या पद्धतीने सांगितले. घरात चोर शिरलाय, अक्का, दारातलं कुत्रं भुंकायलंय, आणि तुमी चोराला सोडून कुत्र्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. हा दाखला माझा, साहेबांचा नव्हे, आणि तो सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. अक्काने लेकीकडे बघितले. बोळा म्या कोंबला व्हय, असे तिने हळूच विचारले. मी व्हय म्हणालो.

साहेबांनी मग उपाय सांगितला. मिश्री आजपासून बंद. बाभळीची कोवळी काडी चावून मऊ करायची आणि दात-हिरडीच्या सांध्यावरून सकाळ-संध्याकाळ हळू फिरवायची. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा. किटण ते स्वतः तीन खेपांत काढतील. खालचे दोन दात जातील, बाकीचे राहू शकतील. आणि शेवटी एक वाक्य बोलले, ते मला बजावून बोलले : मिश्री सुटली की आवळलेल्या नळ्या मोकळ्या होतील आणि आठ-दहा दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागेल. ते चांगले लक्षण आहे, ते आपोआप थांबेल, या बाईंना हे नक्की सांगा, नाहीतर त्या घाबरतील.

बाकी सगळे मी सांगितले. हे सांगितले नाही.

विसरलो नव्हतो. मी विचार केला की या बाईचा सगळा जन्म रक्त थांबवण्यात गेला. हिला जर म्हटले की आमच्या औषधाने तुझ्या लेकीला रक्त येईल, तर ही आत्ताच्या आत्ता उठून जाईल. आधी उपचार सुरू होऊ दे. रक्त आलेच तर साहेब आहेतच समोर, ते बघतील. फार शहाणपणा केला मी.

साहेबांनी तीन खेपांत किटण काढले. तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्यातल्या खेड्यांत पटकीची साथ उठली आणि साहेब लशींच्या पेट्या घेऊन दौऱ्यावर गेले. दवाखान्यात मी आणि माझ्या बाटल्या.

पाच-सहा दिवसांनी अक्का आली. या खेपेला भर बाजाराच्या दिवशी, लोकांच्या रांगेतून सरळ माझ्या टेबलाशी. तिने एक फडके उलगडून माझ्यासमोर ठेवले. त्यावर रक्ताचे डाग होते, काही वाळलेले, काही ओले. चार वर्षांत आलं न्हाय ते तुमी पंधरा दिवसांत आणलं, एवढेच ती बोलली.

रांगेतले सगळे फडक्याकडे बघत होते. मला थाप मारता आली असती. हवामानावर, पटकीवर, प्रेमाबाईच्या नशिबावर घालता आले असते, आणि तसे करायची मला सवयही होती. पण त्या फडक्यापुढे जीभ वळेना. मी तिला आतल्या खोलीत नेले.

"साहेबांनी मला सांगितलं हुतं, अक्का," मी म्हणालो. "मिश्री सोडली की रगत येईल, भ्यायचं न्हाय, चांगलं हाय, असं तुमाला सांग म्हनले हुते. मीच सांगितलं न्हाय."

"का बरं?"

"तुमी उठून गेला असता."

तिने फडक्याची घडी घातली. तिला राग आला असता तर बरे झाले असते.

"त्या दिशी लपवलं म्हंता," ती म्हणाली. "मंग त्या दिशी लबाड बोललाव का आज बोलायलाव, ह्ये म्या कसं वळखावं?"

आधी सांगितले असते तर तो डॉक्टरचा शब्द झाला असता, रक्त आल्यावर सांगितला तर तो कंपौंडरचा बचाव झाला. अक्का फडके घेऊन निघून गेली. मला खात्री होती की घरी पोचताच ती मिश्रीचा डबा उघडणार. चार दिवसांत रक्त थांबणार, सगळ्या उमरग्यात दवाखान्याची नाचक्की होणार, आणि वर्षा-दोन वर्षांत प्रेमाबाईचे सगळे दात जाणार. माकणीचे दार मग कायमचे बंद. आणि हे सगळे मी न बोललेल्या एका वाक्यापायी.

रात्री जेवताना मी फातिमाबीला सगळे सांगून टाकले. तिने ताट सरकवले आणि म्हणाली, "बोलनेका था सो बोले नै, नै बोलनेका सो रोज बोलते." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण रोज अक्काच्या घरी जाऊन मात्र येत होती, आणि तिसऱ्या दिवशी तिने बातमी आणली की अक्काच्या घरात मिश्रीच्या डब्यांना फडके बांधून ते माळ्यावर टाकलेले आहेत. प्रेमाबाई मिश्री मागते, रडते, डोके धरून बसते, मिश्री लावल्याशिवाय परसाकडेसुद्धा होत नाही म्हणते. अक्का देत नाही. पण अक्काचेही काहीतरी बिनसले आहे. ती भांडीच आदळते, शेजारणीवर खेकसते, हात थरथरतात. त्या दिवशी दवाखान्यातून गेली ती बाजारातही बसली नाही. अठरा वर्षांत शांताक्काची बाजारातली जागा रिकामी राहिलेली कोणी बघितली नव्हती. फातिमाबीला वाटले, लेकीची काळजी. मलाही तेच वाटले.

दहाव्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायला गेलो तर ती पायरीवर बसलेली. एकटीच होती. मला बघून उठली आणि आपला अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर रक्त होते. मी विचारले, प्रेमाबाईचे अजून थांबले नाही का.

"तिचं न्हवं," ती म्हणाली. "माझं बी आलं."

मला समजायला वेळ लागला. फडके घेऊन ती घरी गेली त्याच दिवसापासून तिने स्वतः मिश्री बंद केली होती. लेकीचे रक्त दवाखान्याने आणले की मिश्री सोडल्याने आले, हे तिला कळायला दुसरा मार्ग नव्हता. तिच्या तोंडात डॉक्टरची आकडी गेलेली नव्हती, चुळा नव्हत्या, काडी नव्हती. फक्त मिश्री थांबली होती. ज्या हिरड्यांतून तीस वर्षांत एक थेंब आला नाही, त्यांतून नवव्या दिवशी रक्त आले. मी शिकलेल्या माणसांत पुष्कळ वर्षे काढली आहेत. इतकी साधी आणि इतकी खरी परीक्षा घेतलेली मी तरी दुसरी बघितली नाही.

ती पुन्हा पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला सांगत होतो की आता सगळे नीट होईल, साहेब परवा येतील. ते तिच्या कानात शिरत नव्हते. तिने एकदाच मान वर केली.

"किती बायका असत्याल ओ?" तिने विचारले. "समद्यांच्या तोंडात म्याच अंगठा घातला."

साहेब परत आले. मी त्यांना काय केले ते सांगितले. ते रागावले नाहीत, पण त्यानंतर पेशंटपुढे बोलताना ते मला वाक्यावाक्याला थांबवून विचारायचे, काय सांगितलेस ते मला परत सांग. बदली होईपर्यंत त्यांनी ही पद्धत सोडली नाही. मला ते झोंबायचे, आणि झोंबायलाच हवे होते.

प्रेमाबाईचे रक्त तीन आठवड्यांत थांबले. या वेळी ते आवळून थांबलेले नव्हते. हिरडी गुलाबी झाली होती, दाताला चिकटून बसली होती, आणि सळई आधीच्या निम्मीच आत जात होती. गेलेले हाड परत येत नाही, साहेबांनी सांगितले, आणि मी ते जसेच्या तसे सांगितले. खालचे दोन दात काढावे लागले. बाकीचे घट्ट झाले. तोंडाची घाण गेली. पौषात सिद्धलिंगला निरोप धाडला तर तो गाडी घेऊन आला, आणि गाडीत गुरुलिंगही होता. सहा-सात महिन्यांत पोराला आईची फारशी ओळख राहिली नव्हती. तो बापाच्या मागे लपून बसला. प्रेमाबाईने पदर बाजूला केला, त्याला नावाने हाक मारली, आणि पोरगा आवाज ओळखून आला.

अक्काचे तोंड साहेबांनी बघितले तेव्हा मला कळले की तिच्या मागच्या दाढा आधीच गेलेल्या होत्या, वर्षागणिक एक, न दुखता आणि न रक्त येता. वय झाले म्हणून गेल्या असे तिने धरले होते. बाजाराला ती फक्त पुढचे दाखवायची. पुढच्यांच्याही खाली आता हाड उरले नव्हते. साहेबांनी मला सांगितले आणि म्हणाले, हे तू सांगणार की मी प्रयत्न करू. मी सांगितले. अक्काने मान डोलवली, लेकीचे राहतील ना, एवढेच पुन्हा विचारून घेतले.

पुढच्या बाजाराला ती आपल्या जागेवर जाऊन बसली. पुढ्यात काही मांडले नव्हते. बायका जमल्या की ती सांगायची, मिश्री सोडा, आठ-दहा दिवसांनी रक्त येईल, भिऊ नका, काडी फिरवा, मिठाच्या चुळा भरा. बायका हसल्या. कोणी म्हणाले दवाखान्याने म्हातारीला फितवले, कोणी म्हणाले तिचा माल संपला. तीन बाजार ती अशी बसली. चौथ्या बाजाराला तिच्या शेजारी मथुराबाई नावाच्या एकीने मिश्रीचे दुकान मांडले आणि घोळका तिकडे सरकला. अक्काचे ऐकून मिश्री सोडलेल्या बायका माझ्या माहितीत सात. त्यांतली एक फातिमाबी, आणि तिने ती अक्कासाठी सोडली, माझ्यासाठी नव्हे, हे तिने मला दोनदा ऐकवले.

पोट भरायला अक्काने कडक भाकरी सुरू केली. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, आरावर वाळवून पापडासारखी कुरकुरीत करायची. ती महिनाभर टिकते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाडीवान आणि लॉरीवाले बांधून नेत. तिच्या हाताला चव होती आणि फसवायची सवय नव्हती, त्यामुळे तेही चालले. दरम्यान तिचे पुढचे दात एकेक करून पडत गेले. निजामी गेली, दवाखान्याची पाटी बदलली, साहेब हैदराबादला निघून गेले. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मी दोन महिने दवाखान्याला कुलूप लावून घरात बसलो होतो, तेव्हा आमच्या दाराशी भाकरीचे गाठोडे ठेवून जाणारी बाई कोण हे आम्हाला विचारावे लागले नाही.

त्याच सुमारास कधीतरी मी तिला विचारले, अक्का, त्या दिवशी आतल्या खोलीत माझ्यावर विश्वास बसला होता का. ती म्हणाली, न्हाय. "पर लेकीच्या तोंडात फिरून हात घालायच्या आदी म्हनलं, आदी आपल्या तोंडाला इचारावं."

१९४९ च्या उन्हाळ्यात प्रेमाबाई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना होता आणि हिरड्या पुन्हा फुगल्या होत्या. मी औषधाची बाटली द्यायला गेलो तेव्हा अक्का उंबऱ्यात बसून बाभळीच्या काड्या दगडावर ठेचत होती, कारण चावून मऊ करायला तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. थोडे रक्त येतेय, तिने मला सांगितले, बाळंत झाली की उतरेल, काडी चालू आहे. जसे काही कंपौंडर ती होती आणि पेशंट मी.

जेवणवेळ झाली. तिने लेकीपुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. प्रेमाबाईने भाकरी हाताने मोडली आणि दाढेखाली घातली, तो कडकड आवाज ओसरीवर मलाही ऐकू आला. अक्काने स्वतःची भाकरी ताकात कुस्करून भिजत ठेवली होती. तिला त्या भाकरीची आठवणही राहिली नाही. ती लेकीकडे कान लावून बसली होती, आणि एका भाकरीचा आवाज संपला की दुसरी पुढे सरकवत होती.